हायमास्टखाली शेजारची दीर्घिका

भांडुपहून शेजारच्या दीर्घिकेकडे निघायचं तर आधी विलेपार्ल्याला जावं लागतं, कारण दुर्बीण तिथे राहते. डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी मी टेकाडावरच्या आमच्या चाळीच्या पायऱ्या उतरायला लागले, तेव्हा पाठीवर लॅपटॉप होता, पिशवीत पत्रकांचा उरलेला गठ्ठा होता आणि मान नेहमीपेक्षा जरा जास्तच ताठ होती. बाबा गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे होते. एवढ्या लांब निघालेल्या मुलीला ते काहीतरी शुभेच्छा देतील असं वाटलं होतं.

“क्रांती,” ते वरून म्हणाले, “खुलाशाचो कागद आताच आणून ठेवू काय?”

माझं नाव खरोखरच क्रांती आहे. आजोबा मालवणाकडून गिरणीत आले, बाबा गिरणी बंद पडेपर्यंत गिरणीत होते, आणि आमच्या दोन खोल्यांत एक कोपरा कायम पत्रकांसाठी राखलेला असे. पाणी, रेशन, भाडेवाढ, गटार, सगळ्यांवर पत्रकं निघत. मी अक्षरं शिकले ती त्यांच्याच मागच्या कोऱ्या बाजूंवर. आमच्या घरात देव्हारा लहान आहे, पण एक रीत मात्र देवासारखी पाळली जाते. छापलेलं चुकीचं निघालं तर खुलासा छापायचा, आणि पहिलं पत्रक ज्याच्या ज्याच्या हातात दिलं होतं, त्याच्या त्याच्या हातात तो स्वतः नेऊन द्यायचा. दाराखालून सरकवायचा नाही. शेजाऱ्याकडे ठेवायचा नाही. समोरच्यानं चहा दिला तर चहा प्यायचा, टोमणा दिला तर तोही प्यायचा. तरुणपणी बाबांनी एका सभेची वेळ चुकीची छापली होती, तेव्हा चार दिवस ते दारं ठोठावत फिरले. एक म्हातारी त्यांना म्हणाली होती, “बरं झालं चुकलात, नाहीतर सभा आहे हेच मला कळलं नसतं.”

आता माझं पत्रक. मथळा होता, ‘अंधार आमच्या हक्काचा!’ महिनाभरापूर्वी मी ते सव्वादोनशे प्रतींत छापून भांडुपपासून पार्ल्यापर्यंत वाटलं होतं. मुंबईनं आपलं आकाश दिव्यांना विकलं, हा मुद्दा. उदाहरण म्हणून आरे कॉलनीतला एक पाडा (जंगलातली आदिवासी वस्ती) घेतला होता, जिथे मागच्या वर्षी उंच खांबावरचा हायमास्ट दिवा लागला. त्याबद्दल मी लिहिलं होतं, ‘कुणीही न मागितलेला हा दिवा.’ आणि शेवटी जाड अक्षरात आव्हान होतं. तो एक दिवा विझवा, म्हणजे याच उपनगरातून मी शेजारच्या दीर्घिकेतला तेजस्वी वायूचा बुडबुडा छायाचित्रात पकडून दाखवते. डिसेंबरची अमावास्या उलटायच्या आत. नाही जमलं तर घरोघरी येऊन खुलासा देईन!

पत्रक छापायला निघाले तेव्हा बाबांनी एकच विचारलं होतं, “कोणाक इचारलंस?” (कुणाला विचारलंस?)

“जनतेला,” मी म्हणाले होते.

अमावास्या मंगळवारी होती. हवामानाचा अंदाज सांगत होता की रविवारपासून ढग. म्हणजे माझ्याकडे शनिवारची एक संध्याकाळ होती, नाहीतर दोनशे दारं.

पवईचा तलाव उजवीकडे टाकून बस पश्चिमेकडे निघाली. भर दुपारी चालू असलेले रस्त्यावरचे दिवे मी वहीत टिपत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, “सर्व्हे आहे का?” मी त्यांना पत्रक दिलं. त्यांनी ते नीट वाचलं, घडी घातली आणि त्यानं वारा घ्यायला लागल्या. डिसेंबरातही मुंबईत प्रत्येक पत्रकाला एक तरी उपयोग असतो.

पार्ल्याला शरदकाका राहतात. बँकेतून निवृत्त झाले, दुर्बीण घेतली आणि तेव्हापासून आकाशावर रागावले आहेत. आमची ओळख एका व्याख्यानात झाली. व्याख्याता उशिरा आला म्हणून आम्ही दोघांनी एकाच वेळी निषेध नोंदवला होता. आरेतल्या त्या दिव्याची तक्रारही मूळची त्यांचीच. पूर्वी ते त्या पाड्याजवळ तारे बघायला जात, दिवा लागल्यापासून जात नव्हते. मी त्या तक्रारीला फक्त मथळा दिला.

त्यांच्या दारात पाऊल टाकलं तेव्हा काका हातातल्या यादीवर खुणा करत होते. दुर्बीण, मोटर लावलेला स्टँड, कॅमेरा, बॅटरी, केबली, डास पळवायचं मलम, थर्मास. प्रत्येक वस्तू आपापल्या मूळ खोक्यात होती आणि प्रत्येक खोक्यावर काकांच्या वळणदार अक्षरात नाव.

“ह्यांनी आकाशापेक्षा खोकीच जास्त बघितलीत,” सुमनकाकू चहा ठेवत म्हणाल्या. “क्रांती, खारी घे. आणि ते छोटं खोकं विचार त्यांना कसलंय.”

छोट्या खोक्यात फिल्टर होता. त्यांच्या मुलीनं परदेशातून पाठवलेला. त्यातून म्हणे एकच गडद लाल रंग पलीकडे जातो, चमकत्या हायड्रोजनचा. दोन वर्षं झाली, खोक्याचं सीलही तोडलेलं नव्हतं.

“का?” मी विचारलं.

“चांगल्या अंधाऱ्या जागेसाठी ठेवलाय,” काका म्हणाले. “इथल्या घाणेरड्या उजेडात इतकी महाग काच वापरायची?”

“आमच्याकडचा चांगला कपबशांचा सेटसुद्धा असाच ठेवलाय,” काकू म्हणाल्या. “चांगल्या पाहुण्यांसाठी. माझं लग्न झालं तेव्हापासून अजून कुणी आलेलं नाही.”

मी माझ्या कपाकडे पाहिलं. कान तुटलेला होता. पण मी तत्त्वाची माणूस, गप्प बसले.

निघताना सामान दोन्ही हातांत होतं आणि दार वाऱ्यानं सारखं आपटत होतं. काकूंनी ते नेहमीच्या लोखंडी गोळ्यानं अडवून धरलं, आम्ही त्या गोळ्याला वळसा घालून बाहेर पडलो आणि ‘नीट जा’ला ‘हो’ म्हणालो. हा गोळा लक्षात ठेवा.

रिक्षावाल्यानं दुर्बिणीचं लांबुळकं खोकं बघून मान हलवली. “साहब, इसमें क्या है? तोप?”

“दुर्बीण,” काका म्हणाले. “दीर्घिकेचं छायाचित्र घ्यायला चाललोय.”

“किधर है वो?”

“सत्तावीस लाख प्रकाशवर्षं दूर.”

“अपुन आरे तक छोडेगा,” तो म्हणाला. “आगे आप देख लो.”

मुंबईतला हा सर्वांत प्रामाणिक वाहतूक करार असावा.

हमरस्ता सोडून रिक्षा आरेत शिरली की एकाएकी कान हलके होतात. दोन्हीकडून झाडं रस्त्यावर वाकलेली, मधेच तबेल्यांच्या लांबच लांब कौलारू रांगा, ओल्या शेणाचा आणि वैरणीचा वास. वळणावरच्या टपरीवर आम्ही थांबलो. तिथे खरवस मिळाला, वेलची घातलेला, वडी मोडली की कडेनं पाणी सुटणारा. काकांनी दोन वड्या खाल्ल्या आणि तिसरी ‘नंतरसाठी’ कागदात बांधून घेतली. फिल्टरच्या खोक्याशेजारी ती नीट मावली. सहाच्या सुमाराला, उजेड पिवळा पडायला लागला तेव्हा, आम्ही मुख्य रस्ता सोडून पायवाटेनं पाड्यावर पोचलो.

वीस-पंचवीस घरं, काही कुडाची, काही पत्र्याची. मधून चढत गेलेली एकच वाट. आणि वाटेच्या तोंडाशी माझा शत्रू, दहा मजली इमारतीलाही लाजवेल अशा तोऱ्यात उभा. मी त्याच्याकडे बघत उभी असतानाच तो लागला. फटकन. जमिनीवरचा प्रत्येक खडा वेगळा दिसायला लागला आणि वरचं आकाश पातळ ताकासारखं झालं.

“बघितलंस?” काका दुःखानं म्हणाले.

आमची यजमानीण चांगुणाबाई. पावसाळ्यात पार्ल्याच्या फुटपाथवर टाकळा आणि शेवळं विकायला बसते, एरवी फुलं. काका दहा वर्षं तिच्याकडून भाजी घेतात, त्या ओळखीवर अंगण मिळालं होतं. पन्नाशीची, काटक, कपाळावर गोंदण. तिनं आधी खोकी बघितली, मग मला.

“ही कोण?”

“ही क्रांती. लेखिका आहे,” काका म्हणाले.

“बारीक आहे. जेवत नाही काय?”

मी सरळ मुद्द्यावर आले. पत्रकं काढून वाटण्याआधी विनंती करावी एवढं शहाणपण होतं. “बाई, आम्हाला दोन-तीन तास हा दिवा बंद करून हवाय.”

ती वाटेकडे, वळणाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “दिव्याच्या पेटीची चावी रेश्माकडे असते. माझ्या जावेची पोरगी. दवाखान्यात कामाला आहे, साडेसातला येते. ती आल्यावर तिला विचार.”

मला ते जवळजवळ ‘हो’ वाटलं.

आम्ही घराच्या मागच्या बाजूला, शेळ्यांच्या कुडाजवळ सामान मांडलं, कारण तिथे भिंतीमुळे दिव्याचा थेट झोत येत नव्हता. बिबट्याच्या (पाड्यावर त्याला वाघच म्हणतात) भीतीनं शेळ्या अंधार पडायच्या आत कोंडल्या जात. कुडाच्या फटींतून सहा पिवळे डोळे आमचं काम बघत होते. स्टँड उभा राहिला. दुर्बीण बसली. मग काका एकदम स्तब्ध झाले.

“क्रांती, समतोलाचं वजन कुठाय?”

दुर्बीण एका बाजूला बसते, तिच्या समोरच्या दांड्याला वजन लावावं लागतं, नाहीतर मोटरीला तिचा भार पेलत नाही आणि तारे रेघा होऊन जातात. लोखंडी गोळ्यासारखं वजन असतं ते. दार अडवायलाही उत्तम.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“यादीत होतं,” काका क्षीण आवाजात म्हणाले. “खूणही केली होती.”

“घरात आहे म्हणून केली असेल,” मी म्हणाले.

चांगुणाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. तिनं आतून कोंबड्यांच्या मक्याची पिशवी आणली, दांड्याला बांधली, दोन मुठी काढल्या, एक परत घातली. काकांनी दुर्बीण सोडून बघितली. ती जागच्या जागी तरंगत राहिली.

“टाकळा काय काट्यावर मोजून विकते मी?” ती म्हणाली. “हातालाच कळतं.”

सव्वासातला चांगुणाबाई काम टाकून पुढच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मी तिच्याशेजारी गेले. वाटेनं बायका परतत होत्या, एक-दोन, मग तिघी, हातात डबे आणि भाजीच्या पिशव्या. प्रत्येकीला ती नुसती मान हलवायची. तिचे डोळे वळणावरच होते.

“रोज थांबता?” मी विचारलं.

“रोज.” वळणावरची नजर न काढता ती म्हणाली, “रेश्मा चौदा वर्षांची होती. त्याच वळणावर वाघानं धरलं तिला. मागून बायका येत होत्या, त्यांनी डबे वाजवले म्हणून सोडलं. खांदा गेला होता. आता आहे बरा. जंगलखात्याच्या सायबानं सांगितलं, दिवा मागा. मागितला. मिळेपर्यंत मी बॅटरी घेऊन त्या झाडापर्यंत जायची. आता इथूनच दिसते.”

माझ्या पिशवीत अठरा पत्रकं होती आणि प्रत्येकात दिव्याबद्दलची तीच ओळ होती.

रेश्मा वळणावर दिसली तेव्हा चांगुणाबाईच्या खांद्यांतला ताण उतरलेला मला बाजूनं कळला. मुलगी माझ्याएवढीच. डावा खांदा किंचित खाली. तिनं आम्हा दोघांना बघून चपला काढता काढताच म्हटलं, “हेच ते अंधारवाले?”

“तुला कसं माहीत?”

ती आत गेली आणि मसाल्याची पुडी घेऊन आली. पुडी माझ्या पत्रकाची होती. काकांनी दोन पत्रकं चांगुणाबाईला पार्ल्यातच, फुलं घेताना दिली होती. तिला वाचता येतं का, हे त्यांनी दहा वर्षांत विचारलं नव्हतं. रेश्मानं मसाला वाटीत ओतला, कागद झटकला आणि हायमास्टच्या उजेडात मोठ्यानं वाचायला लागली. वाचायला उजेड झकास होता, हेही सांगितलं पाहिजे.

“‘कुणीही न मागितलेला हा दिवा,’” ती वाचून थांबली. “मी मागितला होता. चार अर्ज दिले. चारही माझ्याच अक्षरात. तू आम्हाला विचारलंस?”

“नाही,” मी म्हणाले.

“मग छापलंस कसं?”

छोटा प्रश्न होता. आमच्या घरातलाच होता. फक्त मालवणीत नव्हता.

काका मदतीला धावले. “तिची चूक नाही गं, मीच तिला सांगितलं की...”

“तुम्ही तरी विचारलंत, काका? दर गुरुवारी शेवंती घेता.”

काका चष्मा पुसायला लागले. रेश्मानं चावी कनवटीची काढून माझ्यासमोर धरली. “दिवा बंद होणार नाही. अजून चार बायका यायच्यात. पण अंगण घ्या, चहा घ्या, जेवून जा. भांडण पत्रकाशी आहे, तुझ्याशी नाही.” आणि चावी परत कनवटीला गेली.

दोनशे दारं माझ्या डोळ्यांसमोर रांगेत उभी राहिली. पहिल्या दारात बाबा होते.

आम्ही तिघं मागच्या बाजूला गेलो. आमची दीर्घिका ज्यात आहे तो त्रिकोण तारकासमूह जवळजवळ माथ्यावर आला होता. साध्या डोळ्यांना तिथे ताकाशिवाय काही नव्हतं. रेश्मानं विचारलं, नक्की काय पकडायचंय? मी सांगितलं. आपल्या शेजारची एक दीर्घिका आहे. तिच्या कडेला नव्यानं जन्मलेले राक्षसी तारे एका ठिकाणी घोळक्यानं पेटलेत. त्यांच्या वाऱ्यानं भोवतीचा वायू बाहेर ढकलला जातो, फुगतो, आणि त्यांच्याच तेजानं लाल चमकतो. असा मोठा बुडबुडा, की त्याच्या एका कडेकडून दुसरीकडे जायला उजेडालाही शेकडो वर्षं लागतात. आणि तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला सत्तावीस लाख.

“म्हणजे आमच्या अर्जापेक्षा थोडं जास्त,” ती म्हणाली.

मग तिची नजर छोट्या खोक्यावर गेली. “हे काय?”

“ते नाही वापरायचं,” काका घाईनं म्हणाले. “ते अंधारासाठी आहे.”

“उघडून बघितलंत?”

रेश्मानं माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे पाहिलं, आणि काकांनी, पार्ल्याचा माणूस लग्नातल्या आहेराच्या साडीला कात्री लावेल तशा चेहऱ्यानं, सील तोडलं. कापसात काच होती, आणि काचेखाली घडी घातलेला माहितीचा कागद. रेश्मानं तो उलगडला. दवाखान्यात औषधांचे कागद वाचून तिला बारीक अक्षराची सवय होती. इंग्रजी मजकूर ती मराठीत सांगत गेली.

“लिहिलंय, शहरातल्या दिव्यांचा बहुतेक उजेड ही काच अडवते. फक्त हायड्रोजनचा लाल आत सोडते. ज्यांना अंधारी जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी मुद्दाम बनवली आहे.” तिनं कागदाची घडी घातली. “काका, हे दोन वर्षं तुमच्या कपाटात होतं?”

काका दुर्बिणीवर वाकले आणि खूप वेळ वर आलेच नाहीत.

फिल्टर बसला. पाच-पाच मिनिटांची छायाचित्रं घ्यायची होती. पहिलं सुरू केलं. लॅपटॉपवर ते उमटलं तेव्हा पडदा जवळजवळ काळा होता, इतका काळा की हायमास्ट शंभर पावलांवर आहे हे खरं वाटेना. त्यात ताऱ्यांचे ठिपके, मधे दीर्घिकेचा धुरकट वेटोळा, आणि वेटोळ्याच्या एका टोकाशी एक डाग. तारा नव्हता, तारे टोकदार असतात. हा मऊ होता, शाई ओल्या कागदात उतरावी तसा.

“हाच,” काका कुजबुजले. “हाच तो. दिव्याखाली!”

“मधे पोकळ दिसतंय ना?” मी म्हणाले.

“मला डाग दिसतोय,” रेश्मा म्हणाली. “छापायच्या आधी नीट बघ.”

एका छायाचित्रानं भागत नाही, बरीच घेऊन एकावर एक रचावी लागतात, तेव्हा कुठे आकार वर येतो. पुढची पाच उत्तम आली. सातव्यात तारे जरासे लांबट. आठव्यात तांदळाच्या दाण्यासारखे. नवव्यात शेवया. काकांनी मोटरीला दोष दिला, मग बॅटरीला, मग सरकारला. मी केबली हलवून पाहिल्या. चहा घेऊन आलेली चांगुणाबाई दोन क्षण उभी राहिली आणि इतकी हसली की कपबशा वाजायला लागल्या.

कुडाच्या फटीतून एका शेळीचं तोंड बाहेर आलं होतं. मक्याच्या पिशवीला तिनं खालून छान गोल भोक पाडलं होतं आणि आमचा समतोल ती शांतपणे चघळत होती. सातव्या छायाचित्रापासून.

“तिला विचारलं होतं काय तुम्ही?” चांगुणाबाई म्हणाली.

भोकाला गाठ मारली, मका पुन्हा भरला, स्टँड दोन हात लांब सरकवला. दहापर्यंत आमच्याकडे सतरा चांगली छायाचित्रं झाली. मधल्या वेळात तांदळाची भाकरी, सुक्या बोंबलाची चटणी आणि अंबाडीची भाजी आली. काका शाकाहारी, त्यांनी चटणीकडे आधी परक्यासारखं पाहिलं, मग ओळखीच्यासारखं, आणि मग नुसती बोटं चाटली. हे मी छापणार नव्हते, पण माहिती खरी आहे आणि मी स्वतः पाहिलेली आहे. ‘नंतरसाठी’ ठेवलेली खरवसाची वडी त्यांनी चांगुणाबाईला दिली. शेवटच्या चार बायकाही तोवर दिव्याखालून आपापल्या घरी गेल्या होत्या. रेश्मा आवराआवरीला लागली तेव्हा खांबाकडे मान वर करून म्हणाली, “एवढा उजेड वर कुणासाठी जातो गं? वर तर वाघ नाही.”

रविवारी खरंच ढग आले. मी घरी बसून सतरा छायाचित्रं एकावर एक रचली. रात्रीच्या जेवणाआधी तो डाग उघडला. मधे काळसर पोकळी, भोवती लाल कडं, एका बाजूला फुटल्यासारखं विरळ. बुडबुडा. मी बाबांना हाक मारली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं.

“मोठो आसा,” ते म्हणाले. “म्हणजे जिंकलंस?”

“हो,” मी म्हणाले. “आणि खुलाशाचा कागद आणा.”

त्यांनी तो आणून ठेवलेलाच होता. पलंगाखाली. मी निघाले त्याच संध्याकाळी आणला होता म्हणे.

खुलाशात तीन ओळी होत्या. एक, बुडबुडा उपनगरातून टिपला, छायाचित्र मागच्या बाजूला आहे. दोन, त्यासाठी दिवा विझवावा लागेल हे माझं म्हणणं चूक होतं. तीन, ‘कुणीही न मागितलेला’ हे खोटं होतं. दिवा पाड्यानं चार अर्ज देऊन मागितला होता आणि मी विचारलं नव्हतं. बाबांनी तिसरी ओळ पहिली करायला लावली.

मग दारं. प्रवासवर्णनात परतीचा प्रवास सहसा एका वाक्यात उरकतात. माझ्या परतीला बारा दिवस लागले. जाताना सत्तावीस लाख प्रकाशवर्षं मी एका संध्याकाळीत ओलांडली होती. पण चुकीचं छापलेलं परत घ्यायला निघालं की भांडुपची एक गल्ली फार लांब होते. चाळीतल्या एका आजोबांनी छायाचित्र दाराच्या चौकटीवर चिकटवलं आणि खुलाशाची बाजू भिंतीकडे केली. मी त्यांना ते उलटं लावायला सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, “पोरी, चूक आम्ही वाचली. आता चांगलं बघू दे की.” बसमधल्या त्या बाईंना शोधायला मी त्याच वेळच्या बसनं पाचदा पवईला गेले. सापडल्या. त्यांनी खुलासा वाचला, घडी घातली. “हा कागद जाड आहे,” त्या म्हणाल्या, “वारा बरा लागतो.” पार्ल्यात काकूंनी मला चहा दिला, तो चांगल्या सेटमधल्या कपात. काका म्हणाले, आता सगळीच सीलं तुटलीत. दार लोखंडी गोळ्यानंच अडवलेलं होतं, फक्त आता त्यावर चिठ्ठी होती, ‘हे दुर्बिणीचं आहे’.

पाडा शेवटचा ठेवला होता. अवघड दार शेवटी ठेवायचं, ही बाबांची नव्हे, माझी रीत. साडेसातला पोचले. चांगुणाबाई अंगणात उभी होती, मी तिच्याशेजारी उभी राहिले. रेश्मा वळणावर दिसली, उजेडातून चालत आली. मी खुलासा तिच्या हातात दिला. तिनं तो तिथेच, दिव्याखाली, दोन्ही बाजूंनी वाचला. छायाचित्रावर बोट ठेवून चांगुणाबाईला पोकळी दाखवली.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “पण पुन्हा चुकलीस.”

पुन्हा दोनशे दारं!

“चार अर्ज नाहीत. आता पाच आहेत.” तिनं पिशवीतून एक कागद काढला. वळणदार, ठसठशीत अक्षर. दिव्याला वरच्या बाजूनं झाकण बसवावं, उजेड वाटेवर पडावा, आकाशात जाऊ नये. खाली सह्यांची आणि अंगठ्यांची लांब रांग होती, आणि रांगेच्या तळाशी एक जागा रिकामी.

मी पेन काढलं. पण पत्रकांच्या घरात वाढलेल्या माणसाला सवय जात नाही. सही करण्याआधी मी विचारलंच, “कोणाकोणाला विचारलंस?”

“सगळ्यांना,” रेश्मा म्हणाली. “तू शेवटची.”